दाब द्यायचा की आकारमान? फायनाइट एलिमेंटमधल्या बंद पोकळ्यांविषयी

पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली झाकण काढून दाबली की लगेच चेपते. तीच काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि मग दाबा. बोटं दुखतील, पण बाटली फारशी हलणार नाही. प्लास्टिक तेच, जाडी तीच. फरक पडला तो आत कोंडलेल्या पाण्यामुळे. गोदामात पाण्याचे खोके एकावर एक रचतात तेव्हा तळच्या थरातल्या बाटल्या वरचं सगळं ओझं पेलत असतात. त्यात भिंतीचा वाटा किती आणि आतल्या पाण्या-हवेचा किती, हे बाटली बनवणाऱ्याला साचा कापायच्या आधी कळायला हवं असतं. बाटलीमागे एक ग्रॅम प्लास्टिक वाचलं तर लाख बाटल्यांमागे शंभर किलो वाचतं.

हा हिशोब हल्ली कॉम्प्युटरवर फायनाइट एलिमेंट पद्धतीने करतात. वस्तूचे हजारो छोटे तुकडे पाडायचे, ते जिथे एकमेकांना जोडले जातात त्या प्रत्येक नोडवर बलांचा ताळेबंद मांडायचा आणि सगळी समीकरणं एकत्र सोडवायची. पद्धतीला हे नाव रे क्लफ यांनी 1960 मध्ये दिलं. भिंतीपुरतं हे काम चोख होतं. प्रश्न येतो तो आतल्या ऐवजाचा.

पाण्याचेही तुकडे पाडता येतात, नाही असं नाही. पण पाणी वाहतं, घुसळतं, त्याचे तुकडे वेडेवाकडे होतात आणि दोन तासांचं काम दोन दिवसांवर जातं. बाटली जर सावकाश दबत असेल तर एवढा खटाटोप कशासाठी? स्थिर द्रवात दाब सगळीकडे सारखा असतो. वर-खाली जो फरक पडतो तो उंचीमुळे, आणि 20 सेंटिमीटर पाण्याला तो जेमतेम 2 किलोपास्कल भरतो. तेवढा सोडून दिला तर आतल्या सगळ्या पाण्याबद्दल भिंतीला दोनच गोष्टी कळण्याची गरज उरते: पोकळीचं आकारमान किती आणि दाब किती. लिटरभर पाण्याच्या जागी दोन आकडे. फायनाइट एलिमेंटमध्ये 'फ्लुइड कॅव्हिटी' म्हणतात ती हीच.

आकारमान मोजतं कोण?

सॉल्व्हरला, म्हणजे ही समीकरणं सोडवणाऱ्या प्रोग्रामला, पाणी दिसतच नाही. त्याला दिसते फक्त पोकळीची आतली कातडी, म्हणजे भिंतीच्या आतल्या बाजूचे त्रिकोण आणि चौकोन. या कातडीवरून आतलं आकारमान काढायची युक्ती जुनी आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास गोलाचं घनफळ सांगितलं ते पृष्ठफळ गुणिले व्यास भागिले सहा असं, आणि आपल्याच ग्रंथावरच्या भाष्यात कारणही दिलं: गोलाच्या पृष्ठभागावर एकेक चौरस एकक पायाच्या सुया उभ्या आहेत आणि त्या सगळ्यांची टोकं गोलाच्या मध्यात एकत्र येतात, असं समजा. प्रत्येक सुईचं घनफळ पाया गुणिले उंची भागिले तीन. सगळ्यांची बेरीज म्हणजे गोल. विशेष म्हणजे पृष्ठफळ सांगताना त्यांनी चेंडूभोवतीच्या जाळीचाच दाखला दिला आहे.

सॉल्व्हर आज हेच करतो. एक बिंदू धरतो, कातडीवरचा प्रत्येक त्रिकोण त्या बिंदूला जोडून चिंचोळा पिरॅमिड बनवतो आणि सगळ्यांची बेरीज घेतो. बिंदू मध्यातच हवा असं नाही. तो पोकळीच्या बाहेर असला तरी चालतं, कारण प्रत्येक पिरॅमिडला चिन्ह असतं. त्रिकोणाचं तोंड बिंदूपासून उलट्या दिशेला असेल तर अधिक, बिंदूकडे असेल तर उणे. जास्तीचं मोजलेलं आपोआप वजा होतं. अट एवढीच की कातडी पूर्ण बंद हवी आणि सगळ्या त्रिकोणांची तोंडं एकाच बाजूला हवीत.

मेश करताना, म्हणजे वस्तूचे तुकडे पाडताना, एखादा पट्टा उलटा झाला की तेवढ्या पिरॅमिडांचं चिन्ह फिरतं आणि आकारमान गुपचूप चुकतं. चित्रात काहीच दिसत नाही. म्हणून रन सुरू करण्याआधी सॉल्व्हरने काढलेलं सुरुवातीचं आकारमान आणि कॅडमधलं, म्हणजे मूळ ड्रॉइंगमधलं, आकारमान शेजारी ठेवून पाहायचं. अ‍ॅबॅकस या फायनाइट एलिमेंट प्रोग्राममध्ये ते 'सीव्हॉल' या नावाने मिळतं आणि दाब 'पीकॅव्ह' या नावाने. भोक राहिल्याची शंका असेल तर धरलेला बिंदू लांब कुठेतरी सरकवून आकारमान पुन्हा बघावं. बंद कातडीचं आकारमान बिंदूची जागा बदलल्याने बदलत नाही. भोक असलेल्या कातडीचं बदलू शकतं.

सिमेट्रीचा नियमही याच चित्रातून निघतो. अर्धीच बाटली मॉडेल केली असेल तर कापलेल्या बाजूला कातडी नसते, म्हणजे पोकळी उघडी. तरीही हिशोब बरोबर येतो, पण धरलेला बिंदू त्या कापाच्या प्रतलातच असेल तर. कारण कापाच्या जागी जे त्रिकोण असायला हवे होते ते आणि हा बिंदू एकाच सपाट प्रतलात येतात. त्यांच्या पिरॅमिडांची उंची शून्य, घनफळ शून्य, म्हणून ते नसले तरी बिघडत नाही. अ‍ॅबॅकसचं मॅन्युअल कॅव्हिटीचा रेफरन्स नोड, म्हणजे हा धरलेला बिंदू, सिमेट्रीच्या प्रतलावर ठेवा म्हणतं ते यासाठी. पुष्कळ जण तो पाठ केलेला नियम म्हणून पाळतात आणि दोन प्रतलांची सिमेट्री आली की अडखळतात. तेव्हा नोड दोन्ही प्रतलांच्या छेदरेषेवर ठेवायचा. आणि अर्ध्या मॉडेलमध्ये भरायचं पाणीही अर्धंच, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

फुग्याचा पेच

आता मुख्य मुद्दा. पोकळीला तुम्ही दोनपैकी एकच गोष्ट देऊ शकता. दाब दिलात तर आकारमान उत्तर म्हणून येतं. आकारमान दिलंत तर दाब उत्तर म्हणून येतो. बहुतेक जण सवयीने दाब देतात, कारण प्रेशर लोड लावणं दोन क्लिकचं काम आहे. पुष्कळदा ते चालून जातं. पण कुठे चालत नाही ते पाहायला रबरी फुग्यासारखं उदाहरण नाही.

फुगा गोल धरू. न ताणलेली त्रिज्या 20 मिलिमीटर, रबराची जाडी 0.3 मिलिमीटर, रबराचा शिअर मॉड्युलस (ताठरपणाचं माप) 0.4 मेगापास्कल. आत मावतं 33.5 मिलिलिटर. रबराचं सगळ्यात साधं गणिती रूप, निओ-हूकियन, वापरलं तर दाबाचं सूत्र अगदी आटोपशीर येतं. त्रिज्या मूळच्या जितकी पट झाली तो आकडा घ्या. एक भागिले तो आकडा, त्यातून एक भागिले त्या आकड्याचा सातवा घात वजा करा. उरलेल्याला या फुग्यासाठी 12 किलोपास्कलने गुणा. झाला दाब.

सुरुवातीला दाब झपाट्याने चढतो. त्रिज्या 1.38 पट झाली की (नेमकं सांगायचं तर जिचा सहावा घात 7 येतो ती पट) दाब शिखरावर पोहोचतो: 7.4 किलोपास्कल. आकारमान तेव्हा मूळच्या 2.65 पट, म्हणजे जवळजवळ 89 मिलिलिटर झालेलं असतं. यापुढे फुगा वाढतो पण दाब उतरतो. त्रिज्या दुप्पट झाली तेव्हा दाब 5.9, तिप्पट झाली तेव्हा 4. तोंडाने फुगा फुगवताना पहिल्या एक-दोन फुंका जीव काढतात आणि मग तो सहज फुगत जातो, तो हाच उतार. खरं रबर खूप ताणल्यावर पुन्हा ताठर होतं आणि शेवटी दाब परत चढतो. हे साधं सूत्र तेवढं दाखवत नाही.

आता सॉल्व्हरच्या जागी बसून बघा. तुम्ही त्याला सांगितलंत, दाब शून्यापासून 10 किलोपास्कलपर्यंत वाढव. 7.4 पर्यंत तो मजेत जातो. 7.5 मागितल्यावर त्याला असा कुठलाच फुगा सापडत नाही ज्यात रबराची ओढ त्या दाबाला पुरी पडेल. तो पायरी लहान करतो, आणखी लहान करतो, आणि शेवटी हात टेकतो. मेसेज फाइल वाचणारा मग मेश बारीक करतो, टॉलरन्स सैल करतो, मटेरियलवर संशय घेतो. चूक यातल्या कशातच नसते. ज्या प्रश्नाला उत्तरच नाही तो विचारला गेलेला असतो.

त्याहून वाईट म्हणजे शिखराच्या अलीकडे एका प्रश्नाला दोन उत्तरं असतात. 5.9 किलोपास्कलला हा फुगा 51 मिलिलिटरचाही असू शकतो आणि 268 मिलिलिटरचाही. दाब सांगून फुगा कुठला ते ठरतच नाही. आकारमान सांगून मात्र दर वेळी एकच ठरतो: 51 ला एक, 89 ला एक, 268 ला एक. आकारमान हळूहळू वाढवत नेलं की सॉल्व्हर शिखर चढून पलीकडे उतरतो आणि वाटेत त्याला कसलाही त्रास होत नाही.

यावर दुसरे उपाय नाहीत असं नाही. रिक्सची आर्क-लेंग्थ पद्धत दाब आणि विस्थापन दोन्ही एकत्र चालवून उतारावरून खाली येते. पण मॉडेलमध्ये काँटॅक्ट असेल, फुग्याला कुठे काही टेकत असेल, तर रिक्स लहरी होतं. माझं मत विचाराल तर पोकळी बंद असेल आणि भिंत मऊ असेल तर पहिल्याच दिवशी आकारमानाचा मार्ग धरावा. शिवाय तो प्रयोगाशीही जुळतो. सॉफ्ट रोबोटिक्सच्या प्रयोगशाळांमध्ये रबरी बोटं वाकवायला सिरिंज पंप वापरतात, आणि सिरिंजचा दट्ट्या आकारमान ठरवतो, दाब नाही.

दाब मग येतो कुठून?

पोकळीच्या कातडीवरचा एक नोड बाहेरच्या दिशेला केसभर सरकवा. आकारमान किती वाढेल? त्या नोडच्या वाट्याला आलेलं क्षेत्रफळ गुणिले सरकलेलं अंतर. आता वेगळा प्रश्न: आत एकक दाब असेल तर त्या नोडवर बल किती? त्या नोडच्या वाट्याला आलेलं क्षेत्रफळ गुणिले एक. म्हणजे कुठल्या नोडमुळे आकारमान किती बदलतं याची यादी आणि कुठल्या नोडवर दाब किती बल लावतो याची यादी, दोन्ही याद्या एकच आहेत.

याचा उपयोग असा. सॉल्व्हरकडे नोड हलण्याची हजारो समीकरणं असतात. त्यात आपण आणखी एक घालतो: आकारमान एवढंच राहिलं पाहिजे. समीकरण एक वाढलं म्हणून एक अज्ञातही वाढवावा लागतो. लाग्रांजच्या पद्धतीत अशा प्रत्येक अटीमागे एक गुणक येतो, आणि इथे त्या गुणकाचा भौतिक अर्थ दाब हाच निघतो. कोणीही दाब लावलेला नसतो. आकारमानाची अट पाळायला भिंतीला जेवढं ढकलावं लागतं तेवढा दाब आपोआप उत्तरात येतो. मॅट्रिक्सला उजवीकडे एक स्तंभ आणि खाली एक ओळ जोडली जाते, दोन्हीकडे तीच यादी. म्हणून मॅट्रिक्स सिमेट्रिकच राहतं आणि सोडवायला विशेष महागही पडत नाही. अ‍ॅबॅकसमध्ये हा जादा अज्ञात रेफरन्स नोडवर बसतो, डिग्री ऑफ फ्रीडम (नोडच्या अज्ञातांच्या यादीतला) क्रमांक 8. अ‍ॅन्सिस या दुसऱ्या प्रोग्राममध्ये एचएसएफएलडी 241 आणि 242 या एलिमेंटांचा प्रेशर नोड तेच काम करतो.

व्यवहारात अट थोडी सैल ठेवतात, कारण खरा द्रवही थोडा दबतो. किती दबतो हे बल्क मॉड्युलस सांगतो. पाण्यासाठी तो सुमारे 2.2 गिगापास्कल, म्हणजे दाब 1 बारने वाढला तर पाणी 0.0045 टक्के आकसतं. आकडा एवढासा असला तरी उलटीकडून तो भयंकर आहे. समजा 500 मिलिलिटरचं एक पोलादी सिलिंडर आहे आणि मेशमध्ये त्याच्या वर्तुळाचे 24 सरळ तुकडे पाडलेत. दिसायला ते गोलच दिसतं. पण वर्तुळात काढलेल्या 24 बाजूंच्या बहुभुजाचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या 98.86 टक्के भरतं, म्हणून मेशमध्ये मावतं 494.3 मिलिलिटर. आता ड्रॉइंगवरचा आकडा बघून कोणी 500 मिलिलिटर पाणी भरायला सांगितलं तर 5.7 मिलिलिटर जास्तीचं पाणी पोलादात कोंबलं जाईल, आणि बाहेरून बोटही न लावता दाब 250 बारच्या आसपास दिसेल. म्हणून भरायचं प्रमाण नेहमी मेशने मोजलेल्या सुरुवातीच्या आकारमानावरून काढावं. सॉल्व्हर स्वतः सुरुवातीचं वस्तुमान काढतो तेव्हा तो मेशचंच आकारमान धरतो, त्यामुळे ही भानगड बहुधा माणसाने हाताने आकडा घातल्यावरच होते.

फुग्यासारख्या मऊ भिंतीला 2200 मेगापास्कलचा हट्ट धरायचं कारणही नाही. आपल्या फुग्यात दाब 7.4 किलोपास्कलच्या वर जात नाही. बल्क मॉड्युलस 20 मेगापास्कल दिला तरी पाणी दबेल ते 0.037 टक्के. उत्तरात फरक दिसत नाही आणि सॉल्व्हर निवांत चालतो. अपेक्षित दाबाला बल्क मॉड्युलसने भागून उत्तर हजारात एकाच्या खाली राहील इतपत तो ठेवला की पुरे.

पाणी भरायचं कसं?

प्रत्यक्षात आकारमान हातात घ्यायचे रस्ते दोन-तीनच आहेत. सरळ रस्ता म्हणजे पोकळीत ठरावीक दराने द्रव सोडणं. अ‍ॅबॅकसमध्ये 'फ्लुइड एक्स्चेंज' लिहायचं आणि वस्तुमानाचा किंवा आकारमानाचा दर द्यायचा. इथे दोन गोष्टी नडतात. एक, व्याख्या लिहिली जाते पण स्टेपमध्ये, म्हणजे गणिताच्या त्या टप्प्यात, ती सुरू करायची ओळ राहून जाते. रन छान पूर्ण होतो आणि काहीही फुगत नाही. दोन, एकक. लांबी मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये असेल तर वस्तुमान टनात मोजलं जातं. पाण्याची घनता तेव्हा घनमिलिमीटरला टनाचा अब्जावा भाग आणि 1 मिलिलिटर पाणी म्हणजे टनाचा दहा लाखावा भाग. ग्रॅम समजून आकडा टाकला तर फुगा पहिल्याच पायरीला दिसेनासा होतो.

दुसरा रस्ता आडवाटेचा आहे, पण फार सोयीचा: तापमान. द्रवाला खोटा प्रसरण गुणांक द्यायचा आणि पोकळीचं तापमान वाढवायचं. अ‍ॅबॅकस रेषीय गुणांक घेतो आणि आकारमानासाठी त्याची तिप्पट करतो. म्हणून गुणांक एक-तृतीयांश दिला की 1 अंशाला मूळ आकारमानाइतकी भर पडते. 0.5 अंश म्हणजे दीडपट, 7 अंश म्हणजे आठपट. स्टेपभर तापमान कसं बदलायचं याचा आलेख दिला की झालं, मागेही येता येतं. मात्र हे तापमान फक्त पोकळीचं असावं. रबरालाही ते पोहोचलं आणि रबराच्या मटेरियलमध्ये प्रसरण लिहिलेलं असलं तर उत्तर बिघडेल आणि कारण शोधायला दिवस जाईल.

तिसरा रस्ता दोन टप्प्यांचा. आधी रेफरन्स नोडवर दाब ठरवून द्यायचा. सॉल्व्हर लागेल तेवढा द्रव आत-बाहेर करू देतो. पुढच्या स्टेपमध्ये ती बाउंडरी कंडिशन, म्हणजे दाबाची अट, काढून टाकायची. त्या क्षणी आत जेवढा द्रव असेल तेवढा कोंडला जातो. गाडीच्या टायरचं हेच: आधी हवा भरा, मग व्हॉल्व्ह बंद, मग गाडीचं वजन. टायरचं आकारमान वजनाने फारसं बदलत नसल्यामुळे कित्येक जण दाब शेवटपर्यंत तसाच ठेवतात, आणि टायरपुरतं ते खपतं.

हवेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. हवेला बल्क मॉड्युलस द्यायचा नसतो, आदर्श वायूचा नियम लागतो, आणि त्यात दाब निरपेक्ष धरायचा असतो, म्हणजे वातावरणाचा 101.3 किलोपास्कल मिळवून. एक लिटरच्या बाटलीत वर 30 मिलिलिटर हवा आहे आणि वरच्या ओझ्याने आतली जागा 5 मिलिलिटरने कमी झाली असं धरा. पाणी दबत नाही, म्हणून सगळा फरक हवेने सोसायचा: 30 ची 25 झाली. बॉइलच्या नियमाने 101.3 गुणिले 30 भागिले 25, म्हणजे 121.6 किलोपास्कल, भिंतीवर निव्वळ दाब 20 किलोपास्कल. वातावरणाचा दाब द्यायचा राहिला तर सुरुवात शून्याने होते, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. हवा असून नसल्यासारखी होते आणि बाटली आहे त्यापेक्षा दुबळी ठरते.

हृदयाचा कप्पा

दाब आणि आकारमान यांची अदलाबदल सगळ्यात देखणी दिसते ती हृदयात. डाव्या खालच्या कप्प्यात, निलयात, भरल्यावर साधारण 120 मिलिलिटर रक्त असतं आणि दर ठोक्याला त्यातलं सुमारे 70 मिलिलिटर बाहेर पडतं. भरताना आतला दाब थोडाच असतो, पाऱ्याच्या 10 मिलिमीटरच्या आसपास. मग स्नायू आवळायला लागतात, आतली झडप बंद होते, बाहेरची अजून उघडलेली नसते. या अवधीत, जेमतेम 50 मिलिसेकंद, कप्पा पूर्ण बंद असतो. रक्ताला जायला वाट नाही, आकारमान जागच्या जागी, आणि दाब 80 च्या घरात चढतो. महारोहिणीतल्या दाबाला मागे टाकलं की बाहेरची झडप उघडते.

हे सिम्युलेट करताना पूर्ण ठोक्याला एकच दाबाचा आलेख लावून दिला तर गणित कदाचित पूर्ण होईल, पण त्यातून कळणार काय? स्नायू किती जोर लावतो याचं उत्तर आपणच आधी लिहून दिलेलं असतं. म्हणून स्नायूला आवळू देतात, पोकळी बंद ठेवतात आणि दाब उत्तरात बघतात. झडपा म्हणजे एकाच दिशेने वाहू देणारे दुवे. बाहेर पडलेलं रक्त जिथे जातं त्या धमन्यांचं सगळं जाळं मॉडेल करण्याऐवजी एक लवचीक टाकी आणि एक अडथळा ठेवतात. ओटो फ्रांक यांनी 1899 मध्ये मांडलेली विंडकेसलची कल्पना ती हीच. आजारी हृदयात स्नायूचा एखादा भाग ढिला पडला असेल तर तो भाग बंद कप्प्याच्या काळात बाहेर फुगतो, कारण बाकीच्यांनी ढकललेलं रक्त कुठेतरी जायलाच हवं. आकारमानाची अट नसेल तर हा फुगवटा बरोबर येणारच नाही.

पुणे-चाकणच्या गाडी उद्योगात अशाच जोडपोकळ्या हायड्रॉलिक इंजिन माउंटमध्ये भेटतात. रबरात दोन कप्पे, त्यांत पाणी आणि ग्लायकोल, मध्ये लांब अरुंद वाट. इंजिन हललं की द्रव एका कप्प्यातून दुसऱ्यात ढकलला जातो. दोन कॅव्हिटी आणि त्यांच्यात एक दुवा एवढ्यावर माउंटची संथ हालचाल चांगली पकडता येते. वेगाने थरथरताना मात्र त्या वाटेतल्या द्रवाचं जडत्वच खेळ ठरवतं, आणि ते दुव्यात वेगळं घालावं लागतं.

पोकळीभर एकच दाब ही कल्पना जिथे मोडते ती ठिकाणं ओळखीची आहेत. उंच टाकीत भूकंपाने डचमळणारं पाणी. किंवा गाडीची एअरबॅग उघडताना पहिले काही मिलिसेकंद: गॅसचा झोत अजून एका कोपऱ्यातच असतो, आणि प्रवासी पिशवीच्या फार जवळ बसला असेल तर त्याला तोच झोत लागतो. एलएस-डायना या प्रोग्राममध्ये त्यासाठी गॅसचे कण मोजणारी निराळी पद्धत आहे. आणि एक ठिकाण सहसा लक्षात येत नाही: मऊ नळी वाकता वाकता दुमडते, आतल्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि एका पोकळीच्या दोन होतात. सॉल्व्हरच्या लेखी मात्र ती अजून एकच असते. पिरॅमिडांची बेरीज व्यवस्थित येते, दोन्हीकडे दाब सारखाच दाखवला जातो, इशारा कुठलाच येत नाही. दुमड कुठे पडणार याचा अंदाज असेल तर तिथे नळी आधीच दोन कॅव्हिटींत विभागायची, मध्ये दुवा ठेवायचा आणि दुव्याचं भोक दुमडीबरोबर लहान होत जाईल असं द्यायचं. ते किती भराभर लहान करायचं हे मात्र प्रयोगातल्या मोजमापावरूनच बसवावं लागतं.